इंटरफेस घेण्याआधी माइक मोजा

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचं ठरवलं की माइकपाठोपाठ ऑडिओ इंटरफेसची खरेदी येते, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या खोक्यांवर जवळपास एकच मजकूर असतो: २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, स्टुडिओचा दर्जा. किमतीत मात्र पाच-सहा पटींचा फरक. मग माणूस दोनपैकी एक वाट धरतो. ज्याचा आकडा मोठा ते घेतो, नाहीतर परवडेल त्यातलं सगळ्यात महाग ते घेतो. दोन्ही वाटा चुकीच्या प्रश्नातून निघतात. खोक्यावरचे ते आकडे घरच्या रेकॉर्डिंगमध्ये क्वचितच आड येतात. निवड खरी ठरते ती तीन गोष्टींवर: एका वेळी किती माइक उघडे राहणार, ते माइक कोणत्या जातीचे आहेत, आणि गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किती लवकर ऐकू येणार. या तिन्हींची उत्तरं तुमच्या गाण्यात आणि तुमच्या खोलीत आहेत, म्हणून ती दुकानात जाण्याआधी घरीच काढायला हवीत.

इंटरफेसचं काम तसं थोडक्यात सांगता येतं. माइकमधून येणारा विजेचा संकेत अगदी दुबळा असतो. इंटरफेसमधला प्रीअ‍ॅम्प तो वाढवतो. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवरही इंटरफेसच पुरवतो. वाढवलेल्या संकेताचे दर सेकंदाला हजारो नमुने घेऊन त्यांचे आकडे करतो आणि यूएसबीच्या तारेतून संगणकाकडे धाडतो. परतीच्या वाटेवर आकड्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोन आणि स्पीकरला देतो. यातली आकडे करण्याची कामगिरी, म्हणजे कन्व्हर्टर, आज इतकी सुधारली आहे की स्वस्त यंत्रातही ती बहुधा कमी पडत नाही. कमी पडतात ते बाकीचे भाग, आणि नेमके तेच खोक्यावर बारीक अक्षरात असतात.

आधी मोठ्या अक्षरांचा हिशेब करू. बिटची संख्या सांगते की सगळ्यात मोठा आणि सगळ्यात हळू आवाज यांत किती अंतर पकडता येईल. १६ बिटला हे अंतर सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटला कागदावर १४४ डेसिबल. प्रत्यक्षात कोणत्याही यंत्राचं इलेक्ट्रॉनिक्स १४४ गाठत नाही. चांगली घरगुती यंत्रं ११० ते १२० च्या आसपास थांबतात. आता खोलीकडे बघा. रात्री पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, तरी शहरातल्या फ्लॅटमध्ये साधारण ३० ते ३५ डेसिबलची घरघर असतेच: शेजारचा फ्रीज, जिन्यातली लिफ्ट, लांबचा रस्ता. वीतभर अंतरावरून जोरकस तार षड्ज लागला तर माइकपाशी साधारण १०० डेसिबल येतात. म्हणजे तुमच्या खोलीत मिळणारं एकूण अंतर ७० डेसिबलचं. सीडीचे १६ बिटसुद्धा त्याहून जास्त पकडतात. २४ बिटचा फायदा वेगळा आहे आणि तो खरा आहे: पातळी मुद्दाम खाली ठेवता येते. सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बटण लावलं, तर अचानक आलेली तान फाटत नाही आणि खालची खरखरही वर येत नाही. म्हणून २४ बिट घ्यावेत. ते आज जवळपास सगळीकडे मिळतात, फक्त अगदी प्राथमिक यंत्रं अजून १६ बिटवर आहेत, तेवढं तपासून घ्या. त्यावरून दोन यंत्रांत तुलना करण्यात मात्र अर्थ नाही.

किलोहर्ट्झचंही असंच. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतची कंपनं पकडता येतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीचा दर ४४.१ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज तिच्यात मावतो. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ, आणि वयाबरोबर ती खाली येते. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज थेट, आणि तोच आवाज मध्ये सीडीच्या दर्जाच्या कन्व्हर्टरमधून नेलेला, असे दोन्ही ऐकवून कोणता कोणता ते श्रोत्यांना ओळखायला सांगितलं होतं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तितकीच आली असती. यावर आक्षेप असा की हा शेवटचा शब्द नव्हे, आणि तो आक्षेप योग्य आहे. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं आणि ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांत ते आणखी वाढलं. फरक असेलही, पण तो सरासरीने शंभरातल्या दोन-तीन उत्तरांएवढा, तोही शांत जागी, उत्तम साधनांवर, कान टवकारून ऐकणाऱ्यांना. त्याची किंमत मात्र रोजची आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते. चार माइकच्या तासाभराच्या बैठकीला दोन जीबी. तीच बैठक १९२ वर नेली की आठ जीबींच्या पुढे जाते आणि लॅपटॉपही धापा टाकतो. व्हिडिओचा प्रचलित दर ४८ आहे. तोच धरा आणि हा विषय मिटवा.

आता पहिला खरा प्रश्न: एका वेळी किती माइक? इथे आपल्या संगीताचा स्वभाव निर्णायक ठरतो. इंटरफेसवरचे बहुतेक सल्ले ज्या संगीतासाठी लिहिलेले असतात त्यात ठेक्याची टकटक कानात लावून एकेक वाद्य वेगवेगळ्या वेळी रेकॉर्ड करतात. भावगीत, अभंगाची नवी चाल, जाहिरातीची धून, चित्रपटाच्या धर्तीवरचं गाणं, हे सगळं तसं करता येतं. आधी तबला, मग पेटी, शेवटी गळा. त्याला एका वेळी एक, फार तर दोन माइक पुरतात. ख्यालाची गोष्ट वेगळी. विलंबितात लय बढतीबरोबर हळूहळू चढते, गायक समेवर थोडा रेंगाळतो तेव्हा तबलजी त्याच्याकडे बघून ठेका भरतो, पेटीवाला तानेचं शेपूट पकडून उत्तर देतो. ही साथ आधी किंवा नंतर वेगळी वाजवून चिकटवली की ती साथ राहत नाही. तिघं एकत्र बसले पाहिजेत आणि तिघांचे माइक एकाच वेळी उघडे हवेत. गळ्याला एक, पेटीला एक, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक, असे चार झाले. तंबोरा खरा असेल तर पाचवा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा असेल तर तो तारेने थेट लाइन इनपुटमध्ये देता येतो, म्हणजे माइक वाचतो आणि त्याचा आवाज बाकीच्यांच्या माइकमध्येही शिरत नाही. फक्त तो मग सगळ्यांना हेडफोनमध्ये ऐकू यायला हवा.

इथेच खोक्यावरची भाषा फसवते. यंत्राच्या नावात चार आहे म्हणजे त्याला चार माइक लागतात असं नाही. फोकसराइटच्या स्कारलेट ४आय४ मध्ये माइकचे प्रीअ‍ॅम्प दोनच आहेत; उरलेले दोन इनपुट कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तंबोरा अशा लाइन पातळीच्या साधनांसाठी आहेत. तिथे माइक लावला तर आवाज जवळजवळ येणारच नाही. उलट बेहरिंगरच्या यूएमसी४०४एचडीला किंवा टॅस्कॅमच्या यूएस-४x४एचआरला चार माइक खरोखर लागतात. त्यामुळे दुकानदाराला ‘किती चॅनेल?’ असं विचारू नका. ‘माइक प्रीअ‍ॅम्प किती?’ असं विचारा, आणि यंत्राच्या तोंडावर तीन पिनांच्या एक्सएलआर जॅकची भोकं स्वतः मोजा. दोन इनपुटचं आज घेऊ, पुढे गरज लागली तर आणखी एक आणून जोडू, हा विचारही सोडा. प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं असतं. दोन यंत्रं स्वतंत्रपणे चालली की काही मिनिटांत एकाचा तबला दुसऱ्याच्या गळ्यापासून सरकायला लागतो, आणि विंडोजवर बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच अ‍ॅसिओ ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअर आणि यंत्र यांच्यातला दुवा, स्वीकारतं. पुढे वाढवायचंच असेल तर एडॅट जोडणी असलेलं यंत्र बघा. त्यावरून आठ माइकांचा वेगळा प्रीअ‍ॅम्प ४८ किलोहर्ट्झवर त्याच घड्याळाला बांधता येतो.

यावर कोणी म्हणेल, मग सरसकट आठ इनपुटचंच घ्यावं, उद्याची चिंता नको. घरात तीन वादक महिन्यातून एकदाही एकत्र बसत नसतील, तर ते सहा जादा प्रीअ‍ॅम्प धूळ खातात आणि त्यांचे पैसे माइकमधून कापले जातात. शिवाय चार माइक लावायचे म्हणजे चार स्टँड, चार केबल आणि त्यांच्यातलं अंतर सांभाळायला खोली हवी. दोन माइकांमधलं अंतर माइक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट असावं, असा ढोबळ नियम आहे. पेटीचा माइक पेटीपासून फूटभर असेल तर गळ्याचा माइक त्यापासून तीन फूट तरी लांब हवा. दहा बाय दहाच्या खोलीत हा हिशेब लवकर संपतो. अशा वेळी दोन माइक जोडीने समोर ठेवून, कलाकारांना पुढे-मागे बसवून आवाजाचा समतोल साधणं जास्त शहाणपणाचं, आणि त्याला दोन इनपुटचं यंत्र पुरतं. मोठं यंत्र घेण्याआधी खोलीत सतरंजी पसरून माइकांच्या जागा खडूने आखून बघा. किती माइक मावतात ते तिथेच कळेल.

दुसरा प्रश्न माइकच्या जातीचा, आणि त्यावरून लागणाऱ्या गेनचा, म्हणजे संकेत किती वाढवायचा याचा. कंडेन्सर माइक भरपूर संकेत देतो, डायनॅमिक माइक फार थोडा. ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० आणि शुअरचा एसएम७बी शेजारी ठेवून त्यांच्यासमोर तोच सूर लावला, तर दोघांच्या संकेतांत सुमारे २२ डेसिबलचा फरक पडतो. म्हणूनच एसएम७बीला किमान ६० डेसिबल गेन देणारा प्रीअ‍ॅम्प वापरा, असं शुअर स्वतः सांगते. आता चौथ्या पिढीच्या स्कारलेट मालिकेकडे बघा: सोलो या मॉडेलचा माइक गेन ५७ डेसिबल, २आय२ चा ६९. एकाच मालिकेतली, एकाच रंगाची ही दोन यंत्रं. पण हळू आवाजात गाणाऱ्याने एसएम७बी घेतला असेल तर सोलोवर बटण शेवटपर्यंत फिरवूनही पातळी कमी पडेल आणि मध्ये बूस्टर विकत घ्यावा लागेल. दोन यंत्रांच्या किमतींतली तफावत त्या बूस्टरमध्येच जाईल. कंडेन्सरवाल्याला मात्र सोलो अगदी पुरेसं आहे. तेव्हा माहितीपत्रकातला गेन हा शब्द आधी शोधा आणि आपल्या माइकशी ताडून पाहा.

प्रीअ‍ॅम्पची स्वतःची सूं सूं किती, हे माहितीपत्रकात ईआयएन या अक्षरांपुढे लिहिलेलं असतं. आजच्या बऱ्याच यंत्रांत ते उणे १२८ च्या आसपास असतं. हा आकडा आवाजाच्या भाषेत आणून पाहू. एसएम७बी लावला असता या प्रीअ‍ॅम्पची सूं सूं ढोबळमानाने २३ डेसिबलच्या हळू आवाजाइतकी भरते, म्हणजे खोलीच्या ३० डेसिबल घरघरीच्याही खाली. ईआयएन उणे १२० असलेल्या यंत्रात तीच सूं सूं ३१ डेसिबलवर येते आणि खोलीच्या बरोबरीने ऐकू यायला लागते. एटी२०२० लावला तर पहिल्या यंत्रात ती एक-दोन डेसिबलवर जाते आणि माइकची स्वतःची २० डेसिबलची खरखरच वरचढ ठरते. याचा अर्थ असा की कंडेन्सर वापरणाऱ्याने प्रीअ‍ॅम्पच्या शांततेसाठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही. डायनॅमिकवाल्याने उणे १२५ किंवा त्याहून खालचा आकडा मागावा. महागड्या प्रीअ‍ॅम्पला म्हणून एक ऊब असते, हा युक्तिवादही नेहमी येतो. ट्रान्सफॉर्मर किंवा व्हॉल्व्हचे काही प्रीअ‍ॅम्प आवाजाला रंग देतात हे खरं. पण माइक ओठांपासून चार बोटं मागे घेतला की खर्जातला जो बदल ऐकू येतो, तो दोन स्वच्छ प्रीअ‍ॅम्पांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. तो बदल फुकट आहे. आधी तो वापरून संपवा.

तिसरा प्रश्न उशिराचा. आवाज संगणकात जाऊन, सॉफ्टवेअरमधून फिरून हेडफोनला परत येईपर्यंत वेळ जातो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो नमुन्यांचा गठ्ठा) ठेवला तर एका वाटेला ५.३ मिलिसेकंद, येऊन-जाऊन साडेदहा, आणि कन्व्हर्टर-यूएसबीचा वेळ धरून त्याहून थोडं जास्त. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा उशीर साडेतीन मीटरांवर बसलेल्या साथीदाराइतका झाला. वादक एवढा सोसून नेईल. गायकाला तो जास्त टोचतो, कारण स्वतःचा आवाज त्याला हाडांतूनही ऐकू येत असतो आणि त्यावर हेडफोनमधली उशिराची नक्कल चढते. यावर साधा उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरिंग: माइकचा आवाज संगणकाकडे न जाता यंत्रातल्या यंत्रातच हेडफोनला मिळतो. ही सोय नसलेलं यंत्र गाणाऱ्याने घेऊ नये. थेट आवाज आणि संगणकातला ट्रॅक यांचं प्रमाण बदलणारं बटण असेल तर उत्तमच. रेकॉर्ड करतानाच सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब कानात हवा असेल, तर मात्र बफर ६४ किंवा १२८ वर आणावा लागतो, आणि तिथे ड्रायव्हरचा कस लागतो. विंडोजवर उत्पादकाचा स्वतःचा अ‍ॅसिओ ड्रायव्हर आहे का आणि तो अजून अद्ययावत होतो का, हे त्याच्या संकेतस्थळावर पाहा. मॅकवर ही व्यवस्था प्रणालीतच आहे, त्यामुळे तिथे ही काळजी कमी. जुनं यंत्र स्वस्तात मिळतंय म्हणून घेताना हीच चौकशी दुप्पट करा. फायरवायरचं यंत्र उत्तम असलं तरी आजच्या लॅपटॉपला ते लावायला जागा नाही.

परदेशातल्या शिष्यांना ऑनलाइन शिकवणाऱ्या गुरुजनांसाठी एक जोड. त्यांना लूपबॅकची सोय असलेलं यंत्र उपयोगी पडतं. त्यामुळे संगणकावरचा लेहरा आणि समोरचा गळा एकत्र पलीकडे जातो. पण तंबोरा मध्येच गायब होत असेल तर दोष इंटरफेसचा नाही. बैठकीची सॉफ्टवेअरं सलग सुराला गोंगाट समजून दाबतात. झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज पाठवण्याची सेटिंग आहे, ती आधी लावा. नवं यंत्र आणून हा प्रश्न सुटत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये ५० हर्ट्झची सलग घूं ऐकू येत असेल तेव्हाही यंत्राला दोष देण्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. घूं थांबली तर गडबड चार्जर किंवा घरच्या अर्थिंगची आहे. ती महागड्या यंत्रातही तशीच येईल. या कारणासाठी आणि वीज जाण्याच्या भीतीने यूएसबीवरच चालणारं यंत्र घराला सोयीचं पडतं. चार फँटम माइक असलेल्या मोठ्या यंत्रांना मात्र बहुधा वेगळा अ‍ॅडाप्टर लागतो.

शेवटचा आक्षेप: मग इंटरफेस हवाच कशाला, यूएसबी माइक का नको? एकट्याने बोलण्यासाठी, मोबाइलवरच्या ट्रॅकवर एक गळा चढवण्यासाठी तो पुरेसा आहे, आणि तेवढंच करायचं असेल तर जरूर घ्या. दुसरा माइक लावायची वेळ आली की तो रस्ता बंद होतो, कारण प्रत्येक यूएसबी माइक आपलं वेगळं घड्याळ घेऊन येतो. इंटरफेसवर माइक बदलता येतो, वाढवता येतो, आणि चांगला माइक वर्षानुवर्षं टिकतो. म्हणून पैशांची विभागणी करताना माइक वर ठेवा, इंटरफेस त्याखाली.

खरेदीला निघण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहा: एका वेळी जास्तीत जास्त किती माइक, ते डायनॅमिक की कंडेन्सर, म्हणजे गेन किती, हेडफोन किती जणांना, संगणक कोणता. या चार ओळी पुऱ्या करणारं सगळ्यात स्वस्त यंत्र बिल आणि भारतातली वॉरंटी घेऊन आणा. एकट्याने गाणाऱ्याला एक-दोन प्रीअ‍ॅम्पचं पुरे, बैठक भरवणाऱ्याला चारचं हवं. वाचलेल्या पैशांतून पक्का माइक स्टँड, कान झाकणारा बंद हेडफोन आणि भिंतीवर टांगायला दोन जाड रजया घ्या. रेकॉर्डिंगमधला फरक तुम्हाला तिथेच ऐकू येईल.